डोळे बांधून घेतलेला पाणाड्या

नाशिकहून निघताना मी शेजारी सांगितलं, औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनाला चाललेय. निवृत्त बाईनं देवाला जाणं कुणाला खटकत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावर पाणाड्याला भेटायला चाललेय असं म्हटलं असतं, तर चार प्रश्न आले असते आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

झालं होतं असं. तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. नोकरी संपल्यावर एका साप्ताहिकात विज्ञानावर सदर लिहू लागले. एका आठवड्यात पाणाड्यांवर लिहिलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, तो उभा राहिला की खाली पाणी आहे म्हणायचं, ही लोकांची कशी फसवणूक आहे, हे चांगलं तिखटमीठ लावून लिहिलं. महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, बाईचं.

"बाईंना नमस्कार. तुमी लिवलेलं सुनेनं वाचून दाखवलं. मी पाणाड्या आहे. तुमी लिवलं ते खरं का खोटं, हे मलाबी पाह्यचं आहे. माझ्यापाशी वही आहे. पुढल्या महिन्यात तांड्यावर बोअर मारायचं ठरून राहिलं. त्याच्या आधी या. भाकरीची तकलीफ होणार न्हाई. गोविंद आडे."

राग नाही, खुलासा नाही, आव्हानही नाही. ते कार्ड मी चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. पाचव्या दिवशी तिकीट काढलं.

हिंगोलीहून गोरेगावकडे

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पाट्यांवर नवा जिल्हा होता, माणसांच्या तोंडी अजून परभणीच होती. स्टँडबाहेर चहा घेतला. आमच्याकडे दोन कपांना घालतात तेवढी साखर एका कपात होती, पण रात्रभराच्या प्रवासानंतर तो बरा वाटला.

जीपगाड्या ओळीनं उभ्या होत्या. एका पोरानं माझी मोठी पिशवी उचलून टपावर टाकली, मी पुढच्या सीटवर बसले, मग कुणीतरी म्हणालं की गोरेगावची जीप ही नव्हे, ती. मी उतरले. पिशवी उतरली नाही. अर्ध्या वाटेत ते लक्षात आलं, तेव्हा ती पुसेगावच्या दिशेनं निघून गेलेली होती.

त्या पिशवीत माझं सगळं शास्त्र होतं. होकायंत्र, मोजपट्टी, पातळी तपासायची पाणसळ, स्टॉपवॉच आणि आलेखाचे कागद. पाणाड्याची परीक्षा घ्यायला मी अगदी तयारीनं निघाले होते.

"काळजी नका करू, म्याडम," ड्रायव्हर म्हणाला. "पिशवीत काय हाय, कपडे?"

"विज्ञानाचं सामान आहे."

"तुमी सायन्सच्या? बराबर." त्यानं रस्त्याकडेच्या एका खळ्याकडे बोट दाखवलं. ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीयंत्र धूळ उडवत तूर मळत होतं. "ते बघा सायन्स. आमच्या बापाच्या वक्ताला आठ दिस लागायचे, आता दोन घंटे. सायन्सनं लई सोय केली."

मला हसू आलं. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न मी तीस वर्षं परीक्षेत काढला होता. विज्ञान म्हणजे निसर्गाचं ज्ञान, तंत्रज्ञान म्हणजे त्या ज्ञानाचा उपयोग, असं लिहिलं की दोनपैकी दोन गुण. ड्रायव्हरला मी ते सांगितलं नाही. मागच्या सीटवर अकरा माणसं होती, आणि त्या यंत्रानं त्यांच्या बायकांची पाठ वाचवली होती.

गोरेगावला उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच हरभऱ्याचं हिरवं रान, आणि नाल्याच्या कडेनं निंबाची झाडं. माळरानाला लागून तीसेक घरं. पहिल्याच घरापाशी पोरांनी ओरड केली, "शास्त्रज्ञ बाई आल्या!" तोपर्यंत आयुष्यात मला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं.

तांड्यावर, पहिला दिवस

गोविंद आडे सत्तरीचे असावेत. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्याला लाल पटका, पायात काही नाही. माझी पिशवी हरवल्याचं कळताच त्यांनी एकाला सायकलवर गोरेगावला पिटाळलं आणि मग मला बाजेवर बसवलं. पुढ्यात मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली आली. आमच्याकडे तूर म्हणजे वरण. शेंग दातांनी ओढून दाणे खायचे असतात हे मला त्या दुपारी कळलं, आणि वही उघडेपर्यंत माझ्यापुढे सालपटांचा ढीग झाला होता.

वही सुनेकडे होती. सुमित्रा तिचं नाव, अंगणवाडीत काम करायची. ती सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर पुढे ओढून दाराआड उभी राहायची, आणि त्यांच्याशी सरळ बोलायची नाही. बोलायचं ते माझ्याकडे बघून. बाबाही तिला थेट काही विचारत नसत. "बाई, तिला इचारा, ते लिंबाच्या बांधावरचं काय झालं," असं मला म्हणत, आणि ती मला वाचून दाखवी. पाच वर्षं ही वही त्या दोघांनी अशीच लिहिली होती. मधे निरोप न्यायला घरातलं कुणीतरी असायचं. त्या दिवशी मी होते.

प्रत्येक जागेला एक पान. गाव, रानमालकाचं नाव, नारळ कुठे उभा राहिला, जवळ कुठलं झाड, माती काळी की मुरमाड, नाला किती पावलांवर. खाली बोअर किंवा विहीर झाल्यावर किती फुटांवर पाणी लागलं ते. कोरडी गेलेली जागा लाल शाईनं.

"हे खालचं तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं.

"जाऊन बघतो ना. जागा दाखवली की काम संपलं न्हाई. पाणी लागलं का न्हाई ते पाह्यला परत जावंच लागतंय."

"सगळे पाणाडे जातात?"

"कुणी न्हाई जात. लागलं की लोक आपसूक सांगत येतात. न्हाई लागलं तं कोण सांगायला येतंय?"

मी पानं मोजू लागले. काळी शाई निम्म्याहून बरीच जास्त होती. मला जरा अवघडल्यासारखं झालं. आपण लिहिलेलं चुकलं की काय? मी म्हणाले, "बाबा, बहुतेक ठिकाणी पाणी लागलेलं दिसतंय."

"व्हय. आता वही उलटी करा."

वही मागून उघडली. तिथेही पानं भरलेली होती. आसपासच्या गावांत ज्यांनी कुणालाही न विचारता, आपल्या सोयीनं, घरामागे किंवा बांधाला बोअर मारले, त्यांची. या पानांवर नारळाचा रकाना रिकामा होता. मी तीही मोजली. काळ्या आणि लाल शाईचं प्रमाण जवळपास तेच.

मी वही मांडीवर ठेवली. माझ्या लेखात मी ऐटीत लिहिलं होतं की पाणाड्याशिवाय किती ठिकाणी पाणी लागतं, हे कुणी मोजत नाही. इथे एका निरक्षर माणसानं ते पाच वर्षं मोजलं होतं, अनवाणी चालत जाऊन.

"हे तुम्हाला सुचलं कसं?"

बाबांनी सांगितलं. एका शेतकऱ्यानं त्यांना बोलावलं, आणि भरवसा नको म्हणून दुसऱ्या एका पाणाड्यालाही बोलावलं. दोघांचे नारळ वेगवेगळ्या जागी उभे राहिले. मालक सधन होता, त्यानं दोन्हीकडे बोअर मारला. दोन्हीकडे पाणी लागलं. दोघांचाही सत्कार झाला. पुढे त्याच्या भावानं त्याच रानात, कुणाला न विचारता, गोठ्याजवळ तिसरा मारला. तिथेही लागलं.

"लोक खूश. माझीच झोप उडाली. म्हटलं, इथं समदीकडंच पाणी असंन, तं नारळानं मला काय सांगितलं?"

"मग मला का बोलावलंत? तुम्हाला तर सगळं कळलंच होतं."

बाबा शेंगांची सालं गोळा करू लागले. "मला वाटलं, वहीत काई चूक असंन. तुमी शिकलेल्या. तुमी म्हणसाल, आडेबाबा, तुमचं गणित चुकलं, नारळ खराच हाय. माझा बाप नारळ धरायचा, बाई. त्याच्या बापाचे बैलांचे तांडे होते, ते मुक्कामाला पाणी हुडकत जायचे. तवापासून हाय हे घरात."

मी पुन्हा एकदा मोजलं. चूक नव्हती.

दुसरा दिवस

बोअरचं मशीन तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. तांड्याची एकच विहीर होती, फाल्गुनातच तळ गाठायची, मग बायका नाल्यापलीकडच्या गावाच्या विहिरीवर जायच्या आणि तिथे त्यांना वाट बघत बसवलं जायचं. त्यामुळे तांड्यानं मिळून हा बोअर ठरवला होता. जागा बाबांनी दाखवायची, हे कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं, इतकं गृहीत होतं.

सकाळी सगळे पडीक रानात जमले. तांड्याचे प्रमुख, नायक, आले, पांढरं धोतर, हातात काठी. नारळाला हळदकुंकू लागलं. बाबा तळहातावर नारळ घेऊन निघाले. मी दोन पावलं मागे. रानाच्या मध्याच्या अलीकडे नारळ हलला, डळमळला आणि शेंडी वर करून उभा राहिला. खरंच उभा राहिला. मी अगदी जवळून बघत होते आणि मला हात हललेला दिसला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी त्या जागी एक चपटा दगड मातीबरोबर दाबला, पायाला लागू नये असा. मग पटका सोडला आणि माझ्या हातात दिला.

"डोळे बांधा."

ही परीक्षा मी सुचवली नव्हती. माझ्या डोक्यात पाणसळ आणि आलेख होते, आणि ते सगळं पुसेगावात होतं.

मी डोळे बांधले, त्यांना दोनदा गोल फिरवलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सोडलं. बाबा चालले. नारळ उभा राहिला. दगडापासून चाळीस पावलांवर.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चाळीस पावलं."

"परत."

दुसऱ्या वेळी बांधाजवळ. तिसऱ्या वेळी ते थेट दगडावरून चालत गेले आणि नारळ झोपलेला होता. चौथ्या वेळी तर नारळ दोनदा उभा राहिला. प्रत्येक वेळी ते विचारत, "किती?" आणि प्रत्येक वेळी सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. पाचव्या वेळी ते दगडाच्या दिशेनं येऊ लागले. लोक ओरडले, "आलं, आलं, जवळ आलं!" बाबा थांबले.

"बोलू नका. तुमी बोलले की मला कळतंय. मंग त्याचा काय उपेग?"

दूर एक बैलगाडी करकरत चालली होती, तेवढाच आवाज. बाबा पुन्हा कोपऱ्यातून निघाले. आणि मला, पदार्थविज्ञानाच्या बाईला, मनापासून वाटलं की आता नारळ कुठेही उभा राहू दे, मी म्हणणार, अगदी जवळ, बाबा. खोटं बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

"किती?"

"सव्वीस," मी म्हणाले.

सात फेऱ्या झाल्या. दगडावर नारळ एकदाही उभा राहिला नाही. बाबांनी स्वतःच पटका सोडला, उजेडानं डोळे मिचकावले, आणि आपल्या तळहाताकडे बघत म्हणाले, "म्हंजे हात मीच हलवून राहिलो. आणि मला पत्ता न्हाई."

नायकांनी काठी आपटली. "गोविंदा, हे काय मांडलं? बाईंनी काय भरवलं तुला? उद्या मशीन येऊन उभी राहीन. जागा कुठं?"

"मला ठावं न्हाई," बाबा म्हणाले.

तीस घरांसमोर, ज्यांच्या भरवशावर धंदा चालतो त्या माणसांसमोर, हे तीन शब्द. मी शिक्षिका म्हणून ते वर्गात किती वेळा उच्चारले, हे आठवून बघितलं. आठवलं नाही. ज्याचं उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं नाही असा एकही प्रयोग मी आयुष्यात केला नव्हता.

काही म्हातारे उठून गेले. एक बाई रडवेली होऊन म्हणाली, "मंग पाण्याचं काय?" तेव्हा घोळक्यामागून सुमित्रा पुढे आली. पदर कपाळावर होता, पण आवाज नव्हता पडलेला. ती माझ्याकडे बघून बोलली, ऐकवलं मात्र सगळ्यांना.

"बाई, नारळ सोडून द्या. वहीत दुसरं बी लिवलंय. नाल्याच्या वळणाला, जिथं मुरूम वर दिसतो, तिथल्या पानांवर लाल शाई कमी हाय. नारळ धरलेल्या बी आणि न धरलेल्या बी. लई जागा न्हाईत, पर कमी हाय."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच मला मधे न घेता म्हणाले, "वाच बरं, पोरी."

तिनं वाचलं. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी नाल्याच्या वळणाजवळची एक जागा ठरली. कुणाचीच खात्री नव्हती.

तिसरा दिवस

बोअरची गाडी सकाळी सुरू झाली. चालवणारे दक्षिणेकडचे होते, मोडकं हिंदी बोलणारे. मुख्य माणूस तिशीचा, कानाला फडकं बांधलेला. यंत्राचा आवाज असा की समोरच्या माणसाचे फक्त ओठ दिसत. पण तो माणूस त्या आवाजातून नेमकं काहीतरी ऐकायचा आणि दांडा अडकायच्या आत वेग कमी करायचा. असं कसब मी क्वचितच बघितलं आहे.

थांबल्यावर मी त्याला विचारलं, "कौनसा पत्थर लगा?"

"मालूम नहीं, मॅडम. सख्त है, बस. मेरे को नीचे जाने का है."

त्याचं बरोबर होतं. त्याला खाली जायचं होतं, आणि तो जात होता. बाबा मात्र बाजूला उकिडवे बसून, प्रत्येक दांडा खाली गेला की वर आलेल्या भुकटीची एक मूठ घेत आणि ओळीनं ढीग लावत. काळसर, राखाडी, पुन्हा काळसर, मग एकदम गेरूसारखी लाल. ती लाल भुकटी त्यांनी चिमटीत धरली, हुंगली, मला दाखवली.

"बाई, काळ्या दगडाच्या खाली माती? ती तिथं कशी गेली?"

भूगर्भशास्त्र माझा विषय नव्हता, असं मी म्हणाले. ते 'बरं' म्हणाले आणि ढिगापुढे काडीनं खुणेची रेघ ओढली.

दुपारी भुकटी ओली येऊ लागली, मग चिखल, आणि मग पाण्याचा फवारा माणसाच्या उंचीवर गेला. फार मोठं पाणी नव्हतं, पण तीस घरांना पुरण्यासारखं होतं. बायका फवाऱ्याखाली भिजल्या. कुणीतरी गुलाल आणला. आणि नायक हार घेऊन थेट बाबांकडे आले. "गोविंदा, शेवटी तुझाच हात लागला. नारळ काय, आणि बिननारळ काय!"

बाबांनी हार धरला, घातला नाही. "नायक, एका बोअरनं काय कळतंय? नशिबानं बी लागतंय. अजून धा-वीस ठिकाणी नाल्याच्या वळणाला मारू द्या, मंग सांगतो."

लोक हसले, आणि तो हार त्यांच्या गळ्यात घातलाच. बाबा वैतागून तसेच भुकटीच्या ढिगांकडे परतले.

त्याच गडबडीत एक सायकलवाला माझी पिशवी घेऊन आला. पुसेगावच्या एका चहावाल्यानं ती दोन दिवस आपल्या माचीखाली जपून ठेवली होती. होकायंत्र, पाणसळ, सगळं शाबूत. होकायंत्र मी सुमित्राला दिलं. वहीत आता दिशाही लिहिता येईल, एवढंच ती म्हणाली.

परतल्यावर

नाशिकला आल्यावर शेजारणीनं प्रसाद मागितला. मी तिला तुरीच्या शेंगा दिल्या आणि सगळं खरं सांगून टाकलं. साप्ताहिकातही लिहिलं, आधीच्या लेखातला सूर मागे घेऊन. संपादकांनी शीर्षक दिलं, 'खेड्यातला शास्त्रज्ञ'. मी 'खेड्यातला' हा शब्द काढायला लावला. त्यावरून आमची थोडी वादावादी झाली.

पुढच्या श्रावणात सुमित्राचं पत्र आलं. बाबांना आता जागा दाखवायला कमी लोक बोलावतात, कारण ते नारळ धरत नाहीत आणि खात्रीही देत नाहीत. पण ते दर गुरुवारी दोरीला दगड बांधून जुन्या विहिरीतलं आणि बोअरमधलं पाणी मोजतात, आणि ती लिहिते. सोबत बाबांचे चार प्रश्न होते. दोन काळ्या दगडांच्या मधे लाल माती कशी? दगडाच्या भोकांत पांढरे खडे का? बोअर मारताना शेजारची विहीर गढूळ का झाली? आणि चौथा: मोठा पाऊस झाला की विहिरीचं पाणी दोन दिवसांत चढतं, बोअरचं अकराव्या दिवशी. मधले नऊ दिवस ते पाणी कुठे असतं?

मी आमच्या गावातल्या भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेले. पहिल्या तिन्हींची उत्तरं त्यांनी चहा होईपर्यंत दिली, चित्रं काढून. चौथा प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"ढोबळ सांगता येईल," ते म्हणाले, "पण त्या नाल्याच्या वळणाला, त्या खडकात, नेमकं काय होतं, ते तिथं कुणी मोजल्याचं मला माहीत नाही. हे गृहस्थ कुठल्या विद्यापीठात आहेत?"

मी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट बसून पत्र लिहिलं. पहिली तीन उत्तरं चित्रांसकट उतरवली. चौथ्या प्रश्नाखाली लिहिलं: हे अजून कुणालाच माहीत नाही, बाबा. मोजत राहा. कळलं की मला आधी कळवा.